रोल्स म्हणजे रोल्स?

आमच्या हेडकॅशियरना एखादी वस्तू आवडली, की तिला एकच पदवी मिळते: रोल्स. शेजाऱ्याची स्कूटर ही स्कूटरींतली रोल्स, रविवार कारंज्यावरची मिसळ ही मिसळींतली रोल्स. स्वतः त्यांनी रोल्स पाहिली ती सिनेमात. पण तिच्या चालत्या इंजिनावर नाणं उभं केलं तरी पडत नाही, हे ते अशा थाटात सांगतात, की नाणं यांच्याच कॅशमधलं होतं असं वाटावं.

अहो, इंजिनावर नाणं बसतं; माणूस मागच्या सीटवर बसतो!

१९०७ साली सिल्व्हर घोस्ट १५,००० मैलांच्या परीक्षेत उतरली आणि उतरली ती पासच झाली, हे मान्य. मी कॉमर्सचा माणूस, जमेची नोंद खोडत नाही. पण बैठकीच्या सुखाचा हिशेब मांडायचा, तर फ्रेडरिक लँचेस्टरचं नाव आधी. चालताना माणसाचं शरीर ज्या लयीत वर-खाली होतं, त्याच लयीत गाडी झुलली तर पोटातलं पाणी हलणार नाही, असा विचार करून या गृहस्थाने स्प्रिंगा नरम ठेवल्या. गोदाघाटाकडे उतरणाऱ्या आमच्या गल्ल्यांतून रिक्षाने गेलेल्यालाच या विचाराची थोरवी कळेल. क्रिकेटवाल्या रणजितसिंहजींच्या जामनगरात लँचेस्टर गाड्या होत्या. चेंडूची उशी ओळखणाऱ्याला गाडीची ओळखता येणारच.

आता कारागिरी. १९०८ साली इंग्लंडात ब्रुकलँड्सला तीन कॅडिलॅक पार खोलल्या, भागांची सरमिसळ केली, काही भाग तर काढून घेऊन दुकानातले नवे दिले. मग पाने आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या आणि ५०० मैल पळवल्या. कानशीसुद्धा लावू दिली नाही! तीन कारकुनांची व्हाउचरं एकत्र ढवळून पुन्हा तीन खाती जुळवून दाखवा, मग मी कोणालाही सलाम करीन. जो भाग कानस मारल्याशिवाय बसत नाही, त्याला लोक 'हाताची कारागिरी' म्हणून डोक्यावर घेतात. आमच्याकडे त्याला 'टॅली होत नाही' म्हणतात.

आणि ब्रेक? हिस्पानो-सुइझाने १९१९ सालीच चारही चाकांना ब्रेक दिले, वर पायाचा जोर वाढवणारं यंत्रही जोडलं. रोल्सला अशी यंत्रणा १९२० नंतर काही वर्षांनी मिळाली, तीही हिस्पानोचा परवाना घेऊन. म्हणजे जगातली सर्वोत्तम गाडी थांबायची ती दुसऱ्याला रॉयल्टी भरून!