आजोबांची पद्मिनी ‘व्हिंटेज’ झाली, तर ती रोज चालवता येईल का?

‘प्रीमियर पद्मिनी’ हे नाव 1974 साली आलं. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनींनी आता पन्नाशी ओलांडली आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, आजोबांनी बुकिंग करून वाट पाहून घेतलेली अशी एखादी गाडी तुमच्या बिल्डिंगखाली उभी असेल, तर ती कागदोपत्री ‘व्हिंटेज’ होऊ शकते. ऐकायला भारी वाटतं. पण हा शिक्का बसला की गाडी रोज चालवता येत नाही.

नियम नेमका काय आहे?

जुलै 2021 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने हे नियम आणले. पहिल्या नोंदणीला 50 वर्षं उलटलेली खासगी दुचाकी किंवा कार यात बसते. नव्या नोंदणीचे 20 हजार रुपये, मुदत 10 वर्षं, नंतर नूतनीकरणाला 5 हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांपुढे ‘व्हीए’ येतं. आधीच नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि खऱ्या शौकिनाचा जीव त्यातच अडकलेला असतो.

आता अट. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, पेट्रोल भरणं आणि देखभाल, एवढ्यासाठीच गाडी रस्त्यावर काढायची. ऑफिसला नेणं बंद.

इथेच गोची आहे. जुनी गाडी चालवून जेवढी खराब होते, त्याहून जास्त उभी राहून होते. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सुकून चिकट थर बसतो, व्हील सिलिंडरचे रबर धरतात आणि ब्रेक जाम होतात, टायर एका बाजूने चपटे पडतात. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, म्हणजे महिनोन्‌महिने उभ्या गाडीच्या टाकीला गंज ठरलेला. त्या काळचे रबरी पाइप तर या पेट्रोलसाठी बनलेच नव्हते.

मग साधी नोंदणीच चालू ठेवायची? त्यासाठी दर 5 वर्षांनी गाडी आरटीओत तपासून घ्यावी लागते. ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या कारची नूतनीकरण फी 5 हजारांवरून 10 हजार झाली. दहा वर्षांचा हिशोब केला तर दोन्हीकडे 20 हजारच होतात. साध्या नोंदणीत पर्यावरण कर वेगळा, पण गाडी हवी तेव्हा काढता येते. चालवण्यासाठीच गाडी ठेवली असेल, तर मला हाच सौदा बरा वाटतो.

ब्रिटनमध्ये 40 वर्षांवरची, मोठे बदल न केलेली कार रोड टॅक्स आणि वार्षिक तपासणी दोन्हींतून सुटते, आणि ती रोज चालवली तरी कुणी अडवत नाही.

तरीही व्हिंटेज नोंदणीच हवी असेल, तर आधी बॉनेट उघडा. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडे कित्येक पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवलं गेलं. आजोबांनीही ते केलं असेल, तर अर्ज भरण्यात अर्थ नाही.