टरफलांचा उरलेला प्रश्न

दरवर्षी १ ऑगस्टला महाराष्ट्रातील शाळाशाळांमधून एक गोष्ट सांगितली जाते. वर्गात शेंगांची टरफले पडलेली असतात. गुरुजी साऱ्या वर्गाला शिक्षा फर्मावतात आणि लहानगा बाळ टिळक ताठ उभा राहून सांगतो की, शेंगा आपण खाल्लेल्या नाहीत, तेव्हा टरफलेही आपण उचलणार नाही. नवी मुंबईच्या करावे गावातील चौथीतले मूलही ही गोष्ट हातवाऱ्यांसह म्हणून दाखवील आणि टाळ्या घेईल. परंतु २ ऑगस्टला त्याच मुलाने त्याच वर्गात ‘बाई, हे मी केलेले नाही’ असे म्हटले, तर त्याला काय ऐकावे लागते? ‘उलट बोलू नकोस!’ लोकमान्यांच्या बाणेदारपणाचे पाठांतर आपल्याला हवे असते; तो बाणेदारपणा समोर उभा ठाकलेला मात्र चालत नाही.

शाळेतील मारहाणीचा प्रश्न कायद्याने केव्हाच निकालात काढला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोहोंना मनाई करते आणि ती मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई करण्यास सांगते. १ एप्रिल २०१० पासून हा कायदा लागू आहे. त्यापूर्वी, २००७ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने तेरा राज्यांतील पाहणीचा अहवाल प्रसिद्ध केला होता. महाराष्ट्रही त्यात होता. शाळेत जाणाऱ्या दर तीन मुलांपैकी दोघांनी आपण शारीरिक शिक्षा भोगल्याचे त्यात सांगितले होते. कायद्यानंतर छडी कपाटात गेली असेल, पण अंगठे धरणे, कोंबडा होणे, उठाबशा काढणे हे प्रकार कपाटात मावत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत उशिरा आलेल्या सहावीतील एका मुलीला उठाबशा काढायला लावल्या गेल्या आणि काही दिवसांतच तिचा मृत्यू झाला. मृत्यूचे कारण ठरविणे हे वैद्यकांचे व न्यायालयाचे काम आहे. परंतु ‘मला आता झेपत नाही’ एवढे वाक्य शिक्षकासमोर निःसंकोच उच्चारण्याचे बळ आपण मुलांना देतो का, हा प्रश्न न्यायालयाचा नाही. तो घराचा आणि शाळेचा आहे.

कायदा वर्गाच्या दारापर्यंत येऊन का थांबतो? कारण उघड आहे. आत बसलेल्या बहुतेकांना तो मनातून पटलेला नाही. एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला सीवूड्सचे मनोरे यांच्यामध्ये वसलेल्या करावेसारख्या गावात आगरी-कोळी भूमिपुत्रांची मुले असतात, घाटावरून पोटासाठी आलेल्यांची असतात, परप्रांतातून आलेल्या कामगारांचीही असतात. या साऱ्या पालकांना जोडणारे एक वाक्य आहे : ‘मारा, पण शिकवा.’ त्यामागे दुष्टावा नसतो, गुरूवरचा विश्वास असतो. पण पालक जे म्हणतात तेच मूलही म्हणू लागते. चौथीच्या वर्गाला विचारून पाहा, मस्ती करणाऱ्याला मारलेच पाहिजे असे सांगणारे हात भराभर वर येतील.

म्हणूनच हा विषय प्राथमिक वर्गात चर्चेला घेतला पाहिजे. ‘एवढ्याशा पोरांना काय कळते?’ ही शंका स्वाभाविक असली, तरी तिला अभ्यासाचा आधार नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे याने मुलांच्या न्यायकल्पनांचा अभ्यास १९३२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. सहा-सात वर्षांच्या मुलांना जितकी कठोर शिक्षा तितकी ती न्याय्य वाटते, मात्र वय वाढते तसे त्यांना चुकीशी नाते असलेली, नुकसान भरून काढणारी शिक्षा योग्य वाटू लागते, असे त्याला आढळले. तिसरी-चौथीचे वय नेमके या वळणावरचे आहे. या वळणावर मुलाशी कोणी बोललेच नाही, तर ते पहिल्या समजुतीसह मोठे होते आणि पुढे पालकसभेत उभे राहून म्हणते, ‘मारा, पण शिकवा.’

मात्र चर्चा म्हणजे आपल्या वक्तृत्व स्पर्धा नव्हेत. तेथे भाषण आईने लिहिलेले असते, हावभाव बाईंनी बसविलेले असतात आणि ढाल सर्वांत मोठ्या आवाजाला मिळते. आपल्या न्यायशास्त्राने या बाबतीत फार पूर्वी विवेक दाखविला आहे. सत्य जाणण्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी चालतो तो जल्प आणि स्वतःची बाजू न मांडता समोरच्याची फक्त मोडतोड करते ती वितंडा. मुलांना वाद शिकवायचा, तर आरंभ पूर्वपक्षापासून करावा लागतो. समोरच्याचे म्हणणे आधी त्याचे समाधान होईल इतक्या प्रामाणिकपणे मांडायचे, मगच आपले. नऊ वर्षांच्या मुलाला हे जमते. प्रौढांना, विशेषतः दूरचित्रवाणीवरच्या प्रौढांना, जमतेच असे नाही.

विषयही विचारपूर्वक निवडला पाहिजे. ‘छडी हवी की नको?’ हा विषय देऊ नये. कायद्याने निषिद्ध ठरलेली गोष्ट मुलांच्या मतदानाला टाकणे अप्रामाणिक आहे, आणि ज्याने कालच मार खाल्ला त्याला आज माराच्या बाजूने बोलायला उभे करणे क्रूर आहे. त्यापेक्षा टरफलांची गोष्टच अर्ध्यावर थांबवावी. टरफले कोणी टाकली हे कोणी सांगत नाही, वर्ग तर घाण झाला आहे, मग गुरुजींनी काय करावे? साऱ्या वर्गाला शिक्षा करणे योग्य का? न खाणाऱ्याने, वर्ग आपला आहे म्हणून, टरफले उचलली तर त्यात अपमान आहे का? खोडी करणाऱ्याचे नाव सांगणे ही चहाडी की सचोटी? यांची तयार उत्तरे शिक्षकापाशीही नसतात, आणि हेच या प्रश्नांचे बळ आहे. मुलांनी बाजू मांडाव्यात, अर्ध्या तासाने त्या बदलाव्यात. जी मुले बोलत नाहीत त्यांच्याकडून चिठ्ठ्या घ्याव्यात. बक्षीस ठेवू नये. शिक्षकांची नावे चर्चेत येऊ देऊ नयेत. आणि बोलता बोलता एखाद्या मुलाने घरची वा शाळेतली मारहाण सांगितलीच, तर ती वर्गात चघळायची नसते. त्या मुलाशी एकांतात बोलून मुख्याध्यापकांपर्यंत आणि गरज पडल्यास १०९८ या बालसाहाय्य क्रमांकापर्यंत जाणे, ही शिक्षकाची जबाबदारी ठरते.

‘याने गुरूविषयीचा आदर संपेल, हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे’ असा आक्षेप आपल्याच घरांतून येईल. त्याचे उत्तर परंपरेतच आहे. गौतम धर्मसूत्र सांगते की, शिष्याला वळण लावायचे ते न मारता. अगदीच जमले नाही तर बारीक दोरी वा वेळूची कांब. याहून वेगळ्या कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा. मनुस्मृतीत दोरीची परवानगी आहे हे लपविण्याचे कारण नाही, पण ती पाठीपुरतीच आहे, आणि त्याच ग्रंथात अहिंसेने व मधुर वाणीने शिकविण्याची आज्ञाही आहे. उलट, ज्यांच्या वेताच्या छडीचे आपल्याकडे कौतुक झाले त्या इंग्रजांच्या संसदेत, सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांतून छडी हटविण्याचा प्रस्ताव १९८६ मध्ये २३१ विरुद्ध २३० अशा एका मताने तरला. तेव्हा कोणाचे खूळ कोणते, हे जरा तपासूनच बोलावे.

शिक्षकाचाही पूर्वपक्ष आहे आणि तो मांडला गेलाच पाहिजे. कायदा प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो. पण निवडणूक, जनगणना आणि सततची माहितीपत्रके यांतून उरलेल्या वेळात गोंगाट करणारा वर्ग सांभाळणाऱ्या बाईंच्या हातातली छडी काढून घेताना आपण त्यांना दुसरे काय दिले? वर्गातील चर्चेत एक पाळी त्यांचीही असावी. ‘तुम्ही सगळे एकदम ओरडता तेव्हा मला काय वाटते’ हे बाईंच्या तोंडून ऐकलेल्या मुलांचा त्यांच्याविषयीचा आदर का कमी होईल?

करावेच्या मुलांना हे सारे परके वाटणार नाही. देवळापुढे बसणारी गावकी, तिथली भांडणे आणि समजुती त्यांच्या घराण्यांना ठाऊक आहेत. सिडकोने जमिनी घेतल्या तेव्हा दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली या पट्ट्यातील माणसे बोलायला उभी राहिली, जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात पाच जणांनी गोळ्या झेलल्या आणि पुढे साडेबारा टक्के भूखंडांचा हक्क पदरात पडला. त्या आजोबांची नातवंडे आज बाकांवर बसली आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांना कायद्याने स्थान आहे. तिच्या पुढच्या बैठकीत आठवड्याचा एक तास या कामासाठी मागावा. पहिल्या तासाला पालकांपैकी दोघांनी मागच्या बाकावर बसावे आणि मुले बोलत असताना मध्ये तोंड घालू नये.