स्क्रू फिरवण्याआधी

बऱ्याच दिवसांनी इथे काही टंकतोय, आणि विषय काढलाय तो जुन्या गाडीच्या वाढलेल्या आयडलिंगचा. कविता आणि प्रवासवर्णनं वाचायला येणाऱ्यांनी नाक मुरडलं तरी चालेल, पण पान बंद करू नका. आमच्या नातेवाइकांपैकी निदान चार घरांत पंधरा वर्षांवरच्या गाड्या अजून रोज रस्त्यावर असतात. हे मुख्यतः त्यांच्यासाठी.

माझं म्हणणं एवढंच आहे: सिग्नलला उभी असताना गाडी उगीचच रेस घेत असेल, तर "दोन मिनिटांत स्लो कमी करून देतो" म्हणणाऱ्याला आधी थांबवा. (गॅरेजच्या भाषेत आयडलिंगला 'स्लो' म्हणतात. 'स्लो वाढलाय' हे ऐकायला विनोदी वाटतं खरं!)

आता वाढलं म्हणजे किती? छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन गरम झाल्यावर, एसी बंद असताना, साधारण ७५० ते ९०० आरपीएमवर शांत फिरत असतं. सकाळी थंड असताना ते १२०० ते १५०० वर असतं आणि काही मिनिटांत खाली येतं. तो आजार नव्हे. एसी लावल्यावर थोडं चढतं, तेही मुद्दाम केलेलं असतं. पण अर्धा तास गाडी चालवूनही काटा १४००-१५०० वरच असेल, तर काहीतरी बिघडलंय. काटा नसलेल्या गाडीतही कळतं. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला की ती आपणहून पुढे रेटत जाते आणि गर्दीत सारखा ब्रेक दाबावा लागतो.

स्क्रू फिरवायची सवय आली कुठून? कार्ब्युरेटरच्या काळातून. १९८३ साली मारुती ८०० आली तेव्हा तिला कार्ब्युरेटरच होता, आणि त्यावरचा स्क्रू स्लो सेट करण्यासाठीच दिलेला असे. कानाने ऐकत तो अचूक लावणारे मिस्त्री गावोगाव होते, आणि त्यांच्या हाताला माझा नमस्कार. पुढे २००० च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटर गेला, एमपीएफआय आलं. पण स्क्रूची सवय गेली नाही. बहुतेक एमपीएफआय गाड्यांत थ्रॉटलला टेकलेला तो स्क्रू कारखान्यातच लावून त्यावर रंगाची खूण केलेली असते. आतली झडप नळीत घट्ट बसून अडकू नये, एवढंच त्याचं काम. स्लो सांभाळायला वेगळा आयडल व्हॉल्व्ह आणि कंप्युटर असतो.

मग स्लो वाढतो कशाने? यादी लांबलचक वाटते, पण मुळात कारणं तीनच.

एक, थ्रॉटल पुरतं बंद होत नाही. अ‍ॅक्सिलरेटरची केबल ताणलेली असते, स्प्रिंग थकलेली असते, काजळी साचलेली असते. कधी कधी तर पायाखालचं मॅट पेडलवर चढलेलं असतं! (हसू नका.) दोन, हवा भलतीकडूनच आत शिरते. इंजिनाच्या उष्णतेने वर्षानुवर्षं भाजून कडक झालेले रबरी पाईप तडकतात, मॅनिफोल्डचं गास्केट गळतं. तीन, कंप्युटर मुद्दामच जास्त हवा देतोय, कारण इंजिन अजून थंड आहे असं त्याला वाटतंय. तापमानाचा सेन्सर बिघडला, कुलंट कमी झालं, की हे होतं.

या तिसऱ्या कारणाला आपल्याकडची एक खास जोड आहे. "आपल्याकडे काय थंडी असते?" असं म्हणत बरेच जण थर्मोस्टॅटच काढून टाकतात. मग इंजिन नीट गरम व्हायला फार वेळ घेतं, तोवर पेट्रोल जास्त जळतं आणि स्लो चढलेलाच राहतो. सकाळी गाडी चालू केल्या केल्या रेडिएटरचा वरचा पाईप कोमट व्हायला लागला, तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय किंवा जागेवरच नाही असं समजा.

पण मला खरी काळजी दुसऱ्या कारणाची आहे.

माझे एक काका साताऱ्याला असतात. गाडी २००३ सालची, त्यांच्या जिवापाड प्रेमाची. गेल्या वर्षी गणपतीला चिपळूणला जायचं ठरलं आणि स्लो वाढला. एका गॅरेजने स्क्रू फिरवून दिला, शंभर रुपये घेतले. गाडी शांत झाली, काका खूश. मी गेलो होतो तेव्हा सहज म्हणून एक साधी चाचणी केली. इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबलं, मग दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. निरोगी गाडीत त्या क्षणी पेडल पायाखाली थोडं खाली जातं. इथे ते जागचं हललं नाही. बॉनेट उघडलं तर मॅनिफोल्डपासून ब्रेक बूस्टरकडे जाणारा पाईप क्लिपपाशी तडकलेला! इंजिनाच्या ज्या ओढीवर ब्रेक हलके लागतात, ती ओढ त्याच भेगेतून वाया जात होती, आणि तिथूनच शिरणाऱ्या हवेने स्लो वाढला होता. काकांच्या गाडीत हवेचा अंदाज मॅनिफोल्डमधल्या दाबावरून घेतला जातो. अशा गाडीत चोरून आलेल्या हवेलाही कंप्युटर इमानेइतबारे पेट्रोल पुरवतो.

"अरे, ब्रेक जरा जड लागत होता, पण मला वाटलं वय झालं," काका म्हणाले.

"कोणाचं? तुमचं की गाडीचं?" यावर काकू हसल्या, काका नाही.

आता विचार करा. मागे चौघंजण, टपावर सामान, कुंभार्ली घाटाचा उतार, आणि ब्रेकला अर्धीच साथ. पाईप बदलायला अर्धा तास लागला, स्क्रू पुन्हा खुणेवर आणला आणि स्लो आपोआप जागेवर आला. स्क्रू फिरवून आधी फक्त तक्रार बंद झाली होती.

म्हणून शोधायचं ते स्वस्तापासून महागाकडे. आधी मॅट आणि केबल. मग इंजिन चालू असताना कान देऊन 'सूऽऽ' असा आवाज येतो का ते पाहा, पंख्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवून. मेकॅनिक एकेक पाईप पकडीने हलकेच दाबून बघतो. जो दाबल्यावर स्लो एकदम खाली येतो, त्याच वाटेवर संशय धरायचा. गरम इंजिनावर पेट्रोल किंवा स्प्रे मारून गळती शोधणारेही असतात, पण त्यात आग लागू शकते, ते करू देऊ नका. त्यानंतर कुलंट, सेन्सर, थ्रॉटलची सफाई. सफाईनंतर स्लो काही काळ उलट वाढू शकतो, कारण कंप्युटरला काजळीचीच सवय झालेली असते. त्याला नव्याने शिकवावं लागतं. तेव्हाही स्क्रूला हात नको.

सगळा दोष मेकॅनिकच्या माथी मारणं मात्र मला पटत नाही. आपण पार्टचे हजार रुपये निमूट देतो, पण एखाद्याने तासभर शोधून वीस रुपयांची क्लिप बदलली आणि तीनशे मागितले की आपलं तोंड वाकडं होतं. "केलंस काय एवढं?" अरे, शोधलं त्याने! शोधण्याला मोल नसेल, तर कोण कशाला शोधेल? तो स्क्रूच फिरवणार, नाहीतर न लागणारे दोन पार्ट बदलणार.

तेव्हा माझी विनंती दोनच गोष्टींची. ती पेडलची चाचणी आज संध्याकाळी करून बघा, पाच मिनिटं लागतात. आणि गॅरेजमध्ये गेल्यावर "स्लो कमी करून दे" असं म्हणू नका. "हवा कुठून घेतेय ते शोध, वेळेचे पैसे वेगळे देतो" असं म्हणा. जो मिस्त्री हे ऐकून स्क्रूड्रायव्हर खाली ठेवेल आणि इंजिनाला कान लावेल, त्याचा नंबर मलाही कळवा. :-)