नागीण उतरवण्यात वाया जाणारे 72 तास

छातीच्या किंवा कमरेच्या एकाच बाजूला आग होते, दोन-तीन दिवसांत तिथे पाण्याच्या फोडांचा पट्टा उठतो. लगेच घरातलं कुणीतरी सांगतं, "नागीण आहे, इंग्रजी औषध देऊ नका, चिडते. उतरवून घ्या." मग गेरूचा लेप लागतो, मंत्र होतो आणि पेशंट दवाखान्यात येतो तो सहाव्या दिवशी. गावाकडचं नव्हे, कांदिवलीतलं सांगतोय.

नागिणीचा सापाशी काहीही संबंध नाही. लहानपणी कांजिण्या झाल्या की तो विषाणू मज्जातंतूच्या मुळाशी दडून राहतो. वय वाढलं, मधुमेह झाला, प्रतिकारशक्ती घटली की पुन्हा डोकं वर काढतो. एक मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूला जातो, म्हणून फोड सहसा मध्यरेषेपाशी थांबतात. "तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस दगावतो" ही भीती निराधार आहे.

"पण उतरवल्यावर बरी होते ना!" होते, कारण फोड दोन ते चार आठवड्यांत आपोआपच सुकतात. श्रेय उतरवणाऱ्याला मिळतं. नंतर महिनोन् महिने ठणकणारी नस मात्र पेशंटच्या वाट्याला येते. उतारवयात हा धोका जास्त.

एसायक्लोविर, व्हॅलासायक्लोविर ही औषधं विषाणूची वाढ रोखतात. म्हणून ती फोड आल्यापासून 72 तासांच्या आत सुरू व्हायला हवीत. एसायक्लोविर साधारणपणे 800 मिलिग्रॅम, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. किडनीचा त्रास असेल तर डोस बदलतो, म्हणून स्वतःच्या मनाने घेऊ नका. उशीर झाला तरी या. नवे फोड येत असतील तर औषध तेव्हाही देतो.

दोष आमच्याकडेही आहे. केमिस्ट, कधी कधी डॉक्टरसुद्धा, नुसती मलमाची ट्यूब देऊन पेशंटला घरी पाठवतात. मलम मज्जातंतूपर्यंत पोहोचत नाही. गोळीच लागते.

कपाळावर, डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. नजर जाऊ शकते.

पन्नाशीनंतर दोन डोसची लसही 2023 पासून भारतात मिळते. महाग आहे, पण डॉक्टरांना जरूर विचारा.

तुमच्या श्रद्धेशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते वाया गेलेल्या पहिल्या तीन दिवसांशी.