बर्फावरचा मास्तर आणि आपली रात्रीची लाईन

पोस्ट लांब आहे. आत्ता घाई असेल तर संध्याकाळी वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका राजेहो.

परवा आपल्या भागातल्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडीओ फिरला. रात्रीची वेळ, बर्फाचा उतार आणि डोक्याला टॉर्च बांधलेला एक पोरगा फळीवर आडवा उभा राहून सर्रकन खाली येतोय. पोरगा चिखली तालुक्यातला आहे. त्याचं नाव लिहीत नाही, कारण घरचे आधीच वैतागलेत. खाली लगेच निकाल लागले. 'मस्ती आली याले', 'बापानं वावर विकून धाडलं वाटते', 'हातपाय मोडले की येईल घरी'. तो तिथे नेमकं करतो काय, हे मात्र कोणीच विचारलं नाही. मी फोन लावला.

तो स्नोबोर्ड शिकवतो. हिवाळ्यात गुलमर्गला, बाकीचे महिने सह्याद्रीत ट्रेकवाल्यांबरोबर. स्नोबोर्ड म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीला बांधून बर्फावरून घसरायचं. स्कीमध्ये दोन पायांना दोन पट्ट्या आणि हातात काठ्या असतात, इथे काठीबिठी काही नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये एका बापाने पोरींसाठी दोन स्की जोडून खेळणं केलं, त्यातून हा खेळ वाढला आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये पोहोचला. आपल्याकडे २०२० पासून गुलमर्गला खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा होतात, त्यातही तो आहे.

"पण शिकवतो म्हणजे काय?" मी विचारलं. म्हणाला, "भाऊ, पहिल्या दिवशी पडायचंच शिकवतो." पुढे पडताना माणूस तळहात टेकतो आणि मनगट जातं. नवशिक्यांचं सगळ्यात जास्त तेच जातं. म्हणून मुठी आवळायच्या, कोपरापासूनचा हात टेकवायचा, मागे पडलास तर हनुवटी छातीला लावायची. मग फळीच्या टाचेकडच्या धारेवर उभं राहायचं, मग बोटांकडच्या. मग झाडाचं वाळलेलं पान डावीकडे-उजवीकडे हेलकावत खाली येतं तसं उतरायचं. थांबता आल्याशिवाय वळण शिकवायचं नाही. समोर पुण्या-मुंबईचा पन्नाशीचा साहेब असतो, त्याला रील काढायची घाई असते. त्याला धरून, चुचकारून, कधी दटावून दिवसभर हेच. संध्याकाळी कंबर बोलते.

याला आपल्याकडे काम म्हणत नाहीत. पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर पळणारा पोरगा 'तयारी करतो' आणि दुसऱ्याला जीव सांभाळायला शिकवणारा 'भटकतो'. त्याच्या लग्नाचं स्थळ याच कारणाने मोडलं. मुलीच्या मामाने विचारलं होतं, "घसरगुंडीचे पैसे भेटतात का?" भेटतात, पण कसे, तो खरा प्रश्न आहे आणि तो मामाच्या डोक्यात नव्हता. लेखी करार नाही. दिवसाची हजेरी, तीही पर्यटक आले तर. २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गला बर्फच पडला नव्हता. जिथे गुडघाभर बर्फ असतो तिथे माती दिसत होती. महिना अखेरीस बर्फ आला, तोवर हा हात चोळत बसलेला. म्हणजे हाही आपल्यासारखा कोरडवाहूच. आपण आभाळाकडे जूनमध्ये बघतो, तो डिसेंबरात.

आता रात्रीचं. लोकांना सगळ्यात जास्त तेच खटकलं.

दिवसभर उतार शिकाऊंचा असतो. मास्तरला स्वतःची फळी चालवायला वेळ मिळतो तो अंधार पडल्यावर. कीर्तन संपल्यावर मृदंग्याने घरी येऊन हात साफ करावा, तसंच ते. पण रात्रीचा बर्फ दिवसाचा नसतो. दुपारी उन्हाने मऊ पडलेला थर सूर्य गेला की गोठून काचेसारखा होतो, धार पकडत नाही. टॉर्चच्या उजेडात खड्डा आणि सावली सारखीच दिसते. वेगाचा अंदाज चुकतो. जपानमध्ये निसेकोसारख्या ठिकाणी उतारावर मोठे दिवे लावून रात्रीचा खेळ चालतो. तिथे तिकीट, कर्मचारी, बचाव पथक सगळं असतं. आपला पोरगा आणि त्याचे दोन साथीदार चढणीच्या तोंडाशी असलेल्या, पाय ठेवून ठेवून पाठ झालेल्या छोट्या उतारावर जातात. एकटं जायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही, दिवसा पायी बघून ठेवलेली रेघ सोडायची नाही आणि पर्यटकाला रात्री न्यायचं नाही, कितीही पैसे दिले तरी. हे नियम त्यांचे त्यांनीच केलेत. व्हिडीओत यातलं काहीच दिसत नाही, फक्त सर्रकन येणारा पोरगा दिसतो. असे व्हिडीओ टाकू नको, हे मी त्याला स्पष्ट सांगितलं. बघणारा उद्या कुठल्यातरी घाटात टॉर्च बांधून बाईक काढेल.

मात्र 'रात्री कायले मरायला जातो' म्हणणाऱ्यांना मला एक विचारायचंय. त्याच डिसेंबर-जानेवारीत, त्याच रात्री आपल्या जिल्ह्यात काय चालू असतं? रात्रीची लाईन. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायला माणूस दीड वाजता उठतो. डोक्याला रुमाल, हातात बॅटरी, पायात बहुतेक वेळा चप्पलच. बांधावर साप, ओंब्यांत रानडुक्कर आणि ज्ञानगंगेच्या आजूबाजूच्या गावांत अस्वल. ओल्या हाताने स्टार्टर दाबायचा. सोबत कोणी नाही. याला आपण साहस म्हणत नाही, मूर्खपणाही म्हणत नाही. आपण काहीच म्हणत नाही. गेला तर आम्ही पत्रकार चार ओळी छापतो आणि कागदपत्रं नीट असली तर गोपीनाथ मुंडे योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात. दिवसा वीज देऊ म्हणून सौर कृषी वाहिनीची दुसरी योजना २०२३ मध्ये आली. काही फीडरवर ती पोहोचली, ज्यांच्याकडे नाही त्यांची झोप तशीच मोडते.

तो पोरगा फोनवर हसून म्हणाला, "अंधारात पाय कुठं टाकायचा ते मी बाबांच्या मागं मोटर चालू कराले जाऊन शिकलो." फरक एवढाच की तिथे त्याच्या डोक्यावर हेल्मेट आहे. बापाच्या पायात साधे गमबूटही नाहीत.

बर्फ आपल्या जिल्ह्याला परका नाही. आपली पोरं फौजेत जातात. पिंपळगाव सराईचा अग्निवीर अक्षय गवते २०२३ च्या ऑक्टोबरात सियाचिनला कर्तव्यावर असताना गेला, अख्खा जिल्हा हळहळला. गुलमर्गच्या वरच्या खिलनमर्गला २०१० च्या फेब्रुवारीत हिमस्खलनात प्रशिक्षण घेणारे १७ जवान गेले. तिथेच २०२४ च्या फेब्रुवारीत एक रशियन स्कीअर गेला. म्हणून बर्फावर उभं राहायला शिकवणारा माणूस हा टाइमपास नाही, एवढं तरी आपण मानावं.

अशा कामाला रस्ता आहे. गुलमर्गला केंद्राच्या पर्यटन खात्याची संस्था आहे, उत्तरकाशीला १९६५ पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, मनालीलाही आहे. औलीला स्कीचे वर्ग भरतात. स्नोबोर्ड शिकवण्याची प्रमाणपत्रं मात्र बहुतेक परदेशी संस्थांची, ती गरिबाला परवडत नाहीत. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणून नोंदणी सक्तीची केली. नोंदणी उपक्रम चालवणाऱ्याची होते, पण त्याच्याकडे हजेरीवर राबणाऱ्या मास्तरच्या विम्याचं कोण बघतं? निदान करार लेखी हवा आणि जखमी झाला तर सीझनभराचा खर्च मालकाकडे हवा.

आणि आपल्या भरती अकॅडम्यांना एक विनंती. पहाटे चारला अंधारात मैदानावर धावणारी शेकडो पोरं-पोरी तुमच्याकडे आहेत. दम आहे, शिस्त आहे. जागा थोड्या, वय निघून जातं आणि मग तीच पोरं पानठेल्यावर दिसतात. एखाद्या रविवारी या कोर्सेसची माहिती द्या. जिल्हा क्रीडा कार्यालयाने दरवर्षी चार-पाच जणांच्या फीचा भार उचलला तरी सुरुवात होईल. त्यात दोन पोरी असाव्यात. फॉर्म कुठे भरायचा, वयाची अट काय, वैद्यकीय दाखला कोणता, हे सगळं त्या पोराने मला लिहून पाठवलंय. ज्याला हवं त्याने इनबॉक्समध्ये या, कागद पाठवतो.