बाईंनी उत्तर द्यायलाच हवे

तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून कसे घ्यावे, यावर एनसीईआरटीने २०२१मध्ये शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतला आणि काही दिवसांत ती संकेतस्थळावरून गेली. मुलांच्या मनावर विनाकारण आघात होईल, हा त्यातला एक आक्षेप. म्हणजे शाळेने विषय टाळला की मुलांना तो कळणारच नाही! सिग्नलवर टाळी वाजवत आलेली व्यक्ती मुलांना दिसतेच, आणि नाजूक चालीच्या पोराला मधल्या सुट्टीत ‘बायल्या’ म्हणायला कुठली पुस्तिका लागत नाही. मुलांना उत्तर मिळते आहे. फक्त ते बाईंकडून मिळत नाही.

‘एवढ्या लहान वयात कशाला?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यात एक गल्लत आहे. ‘तिला दोन आया कशा?’ असे विचारणाऱ्या पहिलीतल्या मुलाला शय्यागृहाशी देणेघेणे नसते. घरात कोण कोण आहे, एवढेच त्याला हवे असते. आजीने वाढवलेल्या मुलाबद्दल आपण जितक्या सहज सांगतो, तितक्याच सहज ‘दोघी मिळून तिला सांभाळतात’ म्हणावे, पुरते. नववीत जास्त सांगावे लागेल: समलिंगी संबंध २०१८पासून गुन्हा नाहीत, पण २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता दिली नाही. दोन्ही सांगावे. आणि २०११च्या जनगणनेत लिंगाच्या ‘इतर’ या रकान्यात सहा वर्षांपर्यंतची सुमारे ५५ हजार मुले नोंदली गेली. त्यांना कोणत्या वयाची वाट पाहायला सांगणार?

‘हे पाश्चात्त्य खूळ’ या आक्षेपावर फार शाई खर्चू नये. बृहन्नडा आणि यल्लम्माचे जोगते कुठल्या विमानाने आले? पण संस्कृतीच्या नावाने २००७मध्ये लैंगिक शिक्षणावर बंदी घालणारे महाराष्ट्र राज्य त्याच शिक्षणासाठी झटलेल्या र. धों. कर्व्यांचेच होते, हे विसरता येत नाही.

पालकांचा हक्क मात्र खरा आहे. शाळेने उत्तरांचा नमुना पालकसभेत वाचून दाखवावा, भाषेवर हरकत आली तर बदलावी. पण तृतीयपंथी विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिकवण्याची जबाबदारी तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्क संरक्षणाच्या २०१९च्या कायद्याच्या कलम १३ने मान्यताप्राप्त शाळांवर टाकली आहे. वर्गात त्यांच्याविषयी ब्रही न काढता ती पार कशी पाडायची, हे हरकत घेणाऱ्यांनीच सांगावे.