रेंजचा आकडा आणि तीस सेकंद

दिवाळीत बीडला गेलो की रात्री गच्चीवर आमची मंडळी जमतात. समुद्र इथून कुठल्या कुठे, पण ब्राह्मोस विरुद्ध हार्पून हा सामना ठरलेला! "आपलं माक २.८, त्यांचं आवाजापेक्षाही हळू. विषय संपला!" मीही वर्षानुवर्षं हेच बोलत आलोय.

आता पटत नाही. पृथ्वी गोल आहे हो! लाटांना चिकटून येणारं क्षेपणास्त्र जहाजाच्या रडारला साधारण तीस किलोमीटरवरच दिसतं. ब्राह्मोस असेल तर हातात तीसेक सेकंद, हार्पून असेल तर साधारण दोन मिनिटं. वेगाचा फायदा खराच. पण एप्रिल २०२२ मध्ये रशियाची 'मोस्क्वा' बुडाली ती युक्रेनच्या हळू नेपच्यूनने. कागदावर तिच्याकडे ६४ विमानवेधी क्षेपणास्त्रं होती!

आणि आपलं १९७१? ४ डिसेंबरला कराचीवर गेलेल्या निपात, निर्घात, वीर या किनाऱ्याच्या राखणीसाठीच्या छोट्या बोटी. पल्ला कमी, म्हणून काही अंतर चक्क ओढत नेल्या. ब्रोशर वाचून कुणी त्यांच्यावर पैज लावली नसती. पाचच दिवसांनी पाणबुडीने 'खुकरी' बुडवली, १९४ जण गेले.

थोडक्यात, सॉफ्टवेअरसारखंच आहे. डेमोत सगळंच चालतं. खरी परीक्षा प्रॉडक्शनमध्ये. फरक एवढाच, की आपल्याला रोलबॅक असतो. त्या तीस सेकंदांत जहाजावरच्या पोरांना नसतो.

आकडे जरूर सांगा, पण आधी विचारा: आधी कोण कोणाला बघणार?